टोरोंटोस बिऱ्हाड करण्यापूर्वीं

परदेशीं स्थायिक होण्याची गोष्ट निघाली कीं आमच्या घरांतून दोनच सूर ऐकूं येतात. एक म्हणतो, तेथें सर्व सोन्याचें आहे. दुसरा म्हणतो, मुलगा गेला तो गेलाच. या दोहोंच्या मध्यें जी व्यावहारिक माहिती असते ती विचारण्यास कोणी सवड काढीत नाहीं. माझा थोरला पुतण्या गेलीं सहा वर्षें कॅनडांत, टोरोंटोच्या शेजारीं मिसिसागा येथें राहत आहे. धाकटा पुतण्या व त्याची पत्नी यांनाही आतां कायम रहिवासाचा परवाना मिळाला आहे. ही धाकटी सून दंतवैद्य असून पुण्यांत तिचा जम चांगला बसला आहे. घरीं माझे वडील बंधु व वहिनी, दोघेंही सत्तरी ओलांडलेलीं. “तूं मास्तर आहेस, सर्व नीट पाहून ये,” असें दादांनीं सांगितल्यावरून मी गतवर्षीं आश्विनांत निघालों आणि शिमग्याच्या सुमारास परतलों.

टोरोंटो हें शहर ओंटारिओ नांवाच्या सरोवराच्या उत्तर कांठावर वसलें आहे. सरोवर म्हणावयाचें इतकेंच. पलीकडचा तीर मला एकदांही दिसला नाहीं. हा प्रदेश जवळजवळ ४४ उत्तर अक्षांशावर असल्यामुळें मार्गशीर्षांत सूर्य पावणेपांचाच्या आंतच मावळतो, आणि सायंसंध्या दुपारच्या चहाला लागूनच करावी लागते! हिंवाळ्यांत पारा शून्याखालीं दहा-पंधरा अंश उतरणें ही तेथें नवलाची गोष्ट नव्हे. शहराच्या मध्यभागीं इमारतींच्या खालून सुमारें ३० किलोमीटर लांबीचे पादचारी मार्ग काढलेले आहेत. त्यांतून चालत, बर्फाला पाय न लावतां, मनुष्य स्टेशनांतून थेट कचेरींत पोहोंचतो. मिसिसागास हें सुख नाहीं. तेथें बसची वाट पाहतांना अंगावर येणारा वारा ज्यानें सोसला त्यालाच ठाऊक. पुण्याहून जाडजूड डगले नेण्याचा खर्च व्यर्थ आहे. आंत एकावर एक पातळ कपडे आणि वर तेथेंच विकत घेतलेला कोट व जोडा, ही तेथील रीत. दारापुढील बर्फ फावड्यानें आपला आपणच ओढावा लागतो. त्याकरितां गडी येत नाहीं.

हिंदी माणसास या देशाचें दार पूर्वीं जवळजवळ बंदच होतें. जन्मभूमीहून वाटेंत न थांबतां थेट आलेल्यासच प्रवेश, असा नियम त्यांनीं १९०८ सालीं केला; हिंदुस्थानांतून तशी थेट जहाजाची सोय नव्हती. १९१४ सालीं ‘कोमागाता मारू’ जहाज ३७६ उतारूंसह व्हँकूव्हरास पोहोंचलें, तें दोन महिने बंदरांत उभें ठेवून, बहुतेक सर्व उतारूंसह परत लावण्यांत आलें. १९६७ पासून मात्र शिक्षण, वय, भाषा व अनुभव यांस गुण देऊन माणसें निवडण्याची पद्धति आली, आणि आमच्या मुलांस ती मानवली.

घोटाळा येथेंच होतो. पदवीला गुण मिळाले म्हणजे त्या पदवीवर तेथें धंदा करतां येईल, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रवेश देणारें खातें वेगळें. वैद्य, दंतवैद्य, वकील, इंजिनिअर यांना परवाना देणारीं मंडळें वेगळीं, आणि तींही प्रांतोप्रांतीं निराळीं. सूनबाईंसारख्या दंतवैद्यास प्रथम पदवीची तपासणी, मग एकामागून एक परीक्षा, नाहीं तर तेथील विद्यापीठांत पुन्हा दोन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि तो अतिशय खर्चाचा! तोंवर दुसऱ्याच्या दवाखान्यांत मदतनीस. असें करणाऱ्या आपल्याकडील दोन मुली मला भेटल्या. एक हंसत सांगत होती, दुसरी विषय बदलीत होती. आपल्या घरांत हिशेब मांडतांना मुलाचा पगार डॉलरांत लिहितात, रुपयांत फिरवितात आणि खूष होतात. बायकोचीं गेलेलीं वर्षें त्या वहींत कोणीच मांडीत नाहीं. माझ्या मतें तीं खर्चाच्या बाजूस पहिल्याच ओळींत लिहावीं.

दुसरी गोष्ट घराची. नव्या माणसाची तेथें पत नसते. पत याचा अर्थ अब्रू नव्हे. पूर्वीं घेतलेलें कर्ज वेळेवर फेडल्याची नोंद. ज्यानें जन्मांत कर्ज काढलें नाहीं तो आमच्याकडे सज्जन, तेथें अनोळखी. म्हणून पुष्कळ घरमालक नवख्याकडून सहा-सहा महिन्यांचें भाडें आगाऊ मागतात. ओंटारिओचा कायदा असा आहे कीं, पहिल्या महिन्याच्या भाड्याशिवाय शेवटच्या महिन्याचें भाडें तेवढें अनामत म्हणून मागतां येतें, अधिक नाहीं. बहुतेकांचें पहिलें बिऱ्हाड तळघरांत असतें. तें घेण्यापूर्वीं आग लागल्यास बाहेर पडण्यास वाट आहे काय, आणि घराच्या त्या भागास नगरपालिकेची मान्यता आहे काय, हें पाहावें.

औषधपाण्याविषयीं थोडक्यांत सांगतों. कायम रहिवाशास सरकारी विम्यांतून डॉक्टर व इस्पितळ फुकट मिळतें. ओंटारिओंत पूर्वीं त्यासाठीं तीन महिने थांबावें लागे, ती अट २०२० सालीं उठविली. प्रौढांचे दांत, चष्मा व घरीं घ्यावयाचीं औषधें हीं त्यांत साधारणपणें येत नाहींत. पाहुण्यांस कांहींच नाहीं. त्यांनीं निघण्यापूर्वींच विमा काढावा.

दादांचा प्रश्न एकच होता: “आमचें काय?” आईबापांस कायमचें बोलावण्याची योजना आहे, परंतु अर्ज आजवर मोजकेच घेतले गेले आहेत आणि पुष्कळसें नशिबावर असतें. दुसरा मार्ग आईबाप व आजीआजोबांकरितां असलेल्या खास व्हिसाचा. त्यावर एका वेळीं पांच वर्षांपर्यंत राहतां येतें. मात्र निदान एक लाख डॉलरांचा एक वर्षाचा वैद्यकीय विमा आणि मुलाची ठराविक मिळकत दाखवावी लागते. दादांनीं ऐकून घेतलें आणि थंडीचे आंकडे पुन्हा एकदां विचारले.

नागरिकत्वाचा विचार तर आजच व्हावयास हवा. पांच वर्षांत १,०९५ दिवस तेथें राहिल्यावर तें मागतां येतें. पण तें घेतलें कीं आमच्या १९५५ च्या कायद्यान्वयें भारताचें नागरिकत्व आपोआप जातें. पुढें ‘ओसीआय’ पत्र मिळतें. त्यावर येणें-जाणें, राहणें सर्व होतें. मत देतां येत नाहीं आणि शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. वारसानें आलेली जमीन मात्र ठेवतां येते. आमची कोंकणांतील चार गुंठे आमराई याच कलमावर तगून आहे.

शेवटीं घरांत जें ठरलें तें येथें नमूद करतों, कारण वाचकांपैकीं कांहींच्या घरीं हाच पेंच असेल. कायम रहिवास टिकविण्यास पांच वर्षांत ७३० दिवस तेथें राहणें पुरतें. म्हणजे तीन वर्षें बाहेर काढतां येतात. म्हणून दोघांनीं कागदाची मुदत संपण्यापूर्वीं एकदां जाऊन प्रवेशाची नोंद करून यावें, पुतण्यानें पुढें जाऊन नोकरी पाहावी, आणि सूनबाईंनीं दवाखाना न मोडतां पदवीच्या तपासणीचा अर्ज येथूनच करावा. मागाहून न्यावयाच्या सामानाची यादी पहिल्याच प्रवेशाच्या वेळीं द्यावी लागते. तींत नसलेल्या वस्तूंवर पुढें जकात बसूं शकते. दागिने तर एकूण एक, किंमतीसह, लिहावे लागतात. वहिनींनीं पुतळ्यांची माळ त्या यादींत घातली आहे, आणि सूनबाईंनीं ती दोनदां खोडली आहे.