कणीएवढा दात

सुप्यात विहीर खणायला घेतली की मुरूम संपतो आणि काळा पाषाण लागतो. सुरुंग लावल्याशिवाय तो हटत नाही. हा सारा दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा. याहून जुनं काय असणार, असं आम्हा पारनेरकरांना वाटतं. कोटाथेरियम या प्राचीन प्राण्याविषयी वाचल्यापासून मात्र हा पाषाण मला अगदी अलीकडचा वाटू लागला आहे.

कोटा हे गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी वसलेलं गाव. त्याच्या नावाने ओळखले जाणारे ज्युरासिक काळातले थर नदीपलीकडे तेलंगणातही पसरले आहेत. आपल्या काळ्या दगडाहून ते दहा कोटी वर्षांनी तरी जुने. त्या थरांत मिळालेल्या दाढेवरून पी. एम. दत्ता यांनी 1981 साली कोटाथेरियम हाल्डेनी या प्राण्याची नोंद केली. भारतातला हा पहिला ज्ञात ज्युरासिक सस्तन प्राणी. इंग्लंड सोडून भारताचं नागरिकत्व घेतलेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांचं नाव त्याला दिलं.

असे दात जेमतेम तांदळाच्या कणीएवढे. थरातली माती पाण्यात भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली दाणा दाणा करून निवडायचा. हाडं झिजून, कुजून जातात. दातावरचं कठीण एनॅमल टिकतं. कोटाथेरियमच्या दाढेवर तीन मुख्य टोकं त्रिकोणात उभी आहेत. चावताना अशा वरच्या-खालच्या दाढा एकमेकींच्या फटींत बसत आणि किड्याचं कवच कातरलं जाई. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या साध्या सुळ्यांना हे जमत नाही. एका दाढेवरून अख्ख्या प्राण्याचं कूळ ओळखता येतं ते यामुळेच.

याच कोटा थरांत बारापासॉरस हा प्रचंड डायनोसॉर मिळाला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्याचा सांगाडा उभा आहे आणि पाहणारे साहजिकच त्याच्यापुढे थबकतात. मला ओढ वाटते ती त्या दाढेची. पिलांना दूध पाजणाऱ्यांचं आपलं घराणं डायनोसॉरांच्या पायांखाली कसं तगून होतं, याचा पुरावा तिच्यात आहे.

सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. मुलांना घेऊन जरूर जा. पण तिथलं काहीही उचलून घरी आणू नका. कुठल्या थरातलं ते कळेनासं झालं, की जीवाश्माची निम्मी साक्ष बुडते.