कणेरीची मोट

कोल्हापूरहून बंगळूरच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की गोकुळ शिरगावचे कारखाने दिसतात न दिसतात तोच कणेरीच्या सिद्धगिरी मठाची वाट लागते. मठाच्या आवारात सुमारे सात एकरांवर एक गाव वसले आहे. वस्ती तीनशेच्या आसपास. पण इथे कोणी जन्मत नाही, कोणी मरत नाही आणि बांधावरून डोकीही फुटत नाहीत. सारी माणसे सिमेंटची! यंत्रयुगाआधीचे खेडे पुढच्या पिढ्यांना पाहता यावे, म्हणून मठाने हे ग्रामजीवन संग्रहालय उभारले.

कारागिरी अशी, की राम राम करायला हात आपसूक वर जावा. औत धरणारा कुणबी, चाकावर वाकलेला कुंभार, ऐरणीपुढचा लोहार, सारे आता बोलतील असे वाटते. वर्गात 'बलुते' किंवा 'नाडा' हे शब्द समजावताना मला फळ्यावर चित्रे काढावी लागतात. इथे शब्दच हातपाय घेऊन उभे आहेत.

एका देखाव्यापुढे एका लहानग्याने वडिलांना विचारले, "बाबा, यांना पगार कोण द्यायचं?" वडील हसले आणि पुढे गेले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. पगार नव्हताच. वर्षभर कुळव-पाभर सांधून द्यायची, नांगराचा फाळ शेवटून द्यायचा आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य मागायचे, हे बलुते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या 'गावगाड्या'त हा हिशेब सापडतो. बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी असत आणि ओळीप्रमाणे वाटा. पाऊस पाठ फिरवी, तेव्हा खळ्याबरोबर सुताराची चूलही थंडावे.

मोटेपाशी ऐंशी ओलांडलेले एक फेटेवाले आजोबा नातवाला समजावीत होते. बैल धावेवरून उतरले, की मोट वर येते. नाड्याला मोट आणि सोलाला तिची सोंड. पाणी थारोळ्यात पडले, की बैलांनी मागे मागे सरायचे. मी विचारले, "आजोबा, तुम्ही मोट हाकलीत का?"

"व्हय की पावनं, धा-बारा वर्सं. पहाटं चारला जुपायची. इंजान आलं आनि बैलं सुटली." क्षणभर थांबून म्हणाले, "म्या बी सुटलो."

आपण शहरातली माणसे ज्या जीवनाला हरवलेले सुख म्हणतो, त्यातून सुटल्याचा आनंद या माणसाच्या चेहऱ्यावर अजून ताजा होता.

त्या एका मोटेत सारा गाव गुंतलेला असे. मेलेले जनावर महाराने ओढून न्यायचे, कातडे ढोराने कमवायचे, मोट चांभाराने शिवायची, नाडा मांगाने वळायचा, चाक सुताराने घडवायचे, कडी लोहाराने ठोकायची. कातड्याच्या त्या मोटेतून आलेले पाणी तहानलेला कुणबी पाटावर बसून ओंजळीने पिई. पण ते जनावर ओढणाऱ्याला आणि तो नाडा वळणाऱ्याला गावच्या विहिरीवर घागर बुडवायची मुभा नव्हती. आपल्या हातची वस्तू पाण्यात चालत होती, आपला हात चालत नव्हता! 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते याच गावगाड्याला दिलेले उत्तर होते. महारवतनाचा जाच सैल करण्यासाठी 1928 साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला मात्र 1958 साल उजाडले.

म्हणून काय कणेरीला जाऊ नये? अवश्य जावे, मुलाबाळांना घेऊन जावे. हत्यारे, त्यांची नावे, धरण्याची ढब आणि हातांचे कसब इथे जपले गेले आहे, ते थोडके नाही. सिमेंटच्या माणसांना तहान लागत नाही आणि सुगी बुडाल्याची धास्ती वाटत नाही. ती उणीव आपण भरून काढावी. प्रत्येक पुतळ्यापुढे मुलांना तीन गोष्टी विचारायला लावाव्यात: हा काय करी, त्याबद्दल त्याला काय मिळे, आणि तो पाणी कुठे पिई? उत्तरे शोधायला पुतळे अपुरे पडतील. मग घरी परतल्यावर एखाद्या आजोबांना बोलते करावे. मोट हाकलेली माणसे आता फार उरलेली नाहीत.