जुन्या गोव्यात जे उरले नाही

मांडवीच्या धक्क्यावरून वर निघाले की पहिल्यांदा व्हाइसरॉयची कमान लागते. सोळाव्या शतकाच्या अखेरची ती कमान पडली आणि 1954 साली पुन्हा उभारली गेली. चर्चची पायी सहल इथूनच सुरू होते. उभ्या वास्तू वाटाड्या दाखवतोच. ही नोंद पडलेल्या, उतरवलेल्या आणि नेलेल्या वस्तूंची.

आदिलशहाचा वाडा, पुढे व्हाइसरॉयचे निवासस्थान. उरला फक्त काळ्या दगडाचा कोरीव दरवाजा, सेंट काजेतानच्या आवारात. राजधानी पणजीला हलली आणि इथला दगडही तिकडच्या बांधकामांना गेला.

से कॅथेड्रलचा दुसरा मनोरा 1776 साली पडला. तो कुणी पुन्हा बांधला नाही. उरलेल्या मनोऱ्यात 'सोन्याची घंटा' आहे.

जेझुइटांचे सेंट पॉल कॉलेज. मुख्य चौकापासून जरा दूर, रस्त्याकडेला फक्त त्याच्या दर्शनी भिंतीचा दरवाजा उभा आहे. भारतातला पहिला छापखाना 1556 साली याच कॉलेजात सुरू झाला. खरे तर ते यंत्र इथिओपियाला जायचे होते. मराठी वाचकाने एकाच जागी थांबायचे ठरवले तर इथे थांबावे. जेझुइटांच्या याच संघातला इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात उतरला, मराठी शिकला आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचून गेला. 1616, 1649 आणि 1654 अशा त्याच्या तीन आवृत्त्या रोमन लिपीत निघाल्या. त्यांतल्या एकीचीही छापील प्रत आज हाती नाही. हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्या राहिल्या म्हणून ग्रंथ वाचला. त्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी 1907 साली मंगळूरला तो पुन्हा छापला. छापलेले सगळे गेले आणि हाताने लिहिलेले टिकले, याचे मला फार वाटते. ज्यांनी दिव्याच्या उजेडात त्या ओव्या उतरवल्या, त्यांची नावे या वाटेवर कुठे तरी लावायला हवीत.

मोंती सांतोची टेकडी, सेंट ऑगस्टिन. 1602 साली पुरे झालेले हे चर्च. 1835 मध्ये धर्मसंघांवर बंदी आली, साधू गेले, छताकडे बघायला कुणी उरले नाही. 1842 साली घुमट-छत कोसळले. मोठी घंटा 1871 मध्ये पणजीच्या चर्चमध्ये नेली. तिथे ती आजही वाजते. 1931 साली दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. राहिला तो सेहेचाळीस मीटरचा उभा चिरलेला मनोरा, पायाशी फरशीतल्या थडग्यांच्या शिळा. छत पडायला बंदीनंतर फक्त सात पावसाळे लागले.

याच अवशेषांत जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अस्थिशेष सापडले. 1624 साली शिराझमध्ये तिला मारले होते. ऑगस्टिनी साधूंनी अस्थी गोव्यात आणल्या होत्या. डीएनए तपासणीने ओळख पटली आणि 2021 च्या जुलैत भारताने त्या जॉर्जियाला सोपवल्या. या यादीतली ही एकच वस्तू आपल्या घरी गेली.

आता बॉम जेझू, 1605 साली अभिषेक झालेले. फ्रान्सिस झेवियरचा देह इथे आहे, म्हणून गर्दी इथेच असते. बाहेरचा तांबडा चिरा पाहून लोक फोटो काढतात. तो उघडा चिरा मूळचा नव्हे. भिंतींना चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात तो उतरवला, जुनेपणा उठून दिसावा म्हणून. चिरा मऊ आणि भोकाभोकांचा असतो, पाणी पितो. गोव्याच्या पावसात गिलाव्याशिवाय तो झिजतो. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते, म्हणूनच इथली बहुतेक चर्च पांढरी आहेत. खुद्द चर्चच्या रेक्टरांनी गिलावा परत द्या अशी मागणी केली आहे. ती रास्त आहे. मनोरे आणि छपाईची पाने आता मिळणार नाहीत, पण चुना मिळतो आणि तो लावणारे हातही आहेत. पुढच्या पावसाळ्याआधी पुरातत्त्व खात्याने हे काम हाती घ्यावे.