हरेगावच्या वाटेवर

मैत्रिणींनो, पंढरीच्या वारीची तयारी आपल्याला ठाऊक असते. पण आमच्या बीडकडची कॅथलिक कुटुंबे मतमाऊलीच्या यात्रेला कशी निघतात, पाहिलंय कधी? 8 सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिवस. त्याच्या आगेमागे श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला यात्रा भरते. आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना.

शेजारच्या घरात लहानमोठी 21 माणसं. संध्याकाळी जपमाळ संपली, की सासूबाईंच्या हाताखाली चौघी जावा कामाला लागतात. दुधात मळलेल्या दशम्या (पाण्यातल्या दुसऱ्या दिवशी वातड होतात, बरं का!), शेंगदाण्याची कोरडी चटणी, पावसासाठी मेणकापड. टेम्पोचा रस्ता गेवराई, शेवगाव, नेवासे असा. ज्ञानेश्वरीच्या त्या गावी दशम्यांचं गाठोडं सुटतं.

एवढा खटाटोप कशाला? दिवाळीच्या सुमारास यातली दोन जोडपी कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. नाताळला घर अर्धं रिकामं! "आमचा सण हाच हो, बाई," धाकटी जाऊ म्हणाली. तिचे दिवस फडावरच भरणार. दवाखाना लांब, आडोसा पाचटाचा. मला तरी हे बघवत नाही. तिने मात्र माणशी एक अशा मेणबत्त्या मोजून बांधल्या, 22.