काय ठेवावे, काय सोडावे

धुळ्याच्या आमच्या धर्मग्राम कार्यालयात एक जुना संगणक आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या त्यात उतरविण्याचे काम आम्ही आरंभिले. वाळवी लागलेल्या एका पानावरील नावे खेड्यातील एका आजींनी आठवून सांगितली, तीही टंकित केली. शेजारी छायाचित्रे, पत्रव्यवहार, सारे उघडेच होते. यंत्र थिजले, आणि थोड्या वेळाने नोंदींचा कार्यक्रम आपोआप बंद पडला. जतन करावयाचे राहून गेले होते. आम्ही यंत्रावर रागावलो.

जळगावी संगणकशास्त्र शिकणारा आमचा एक तरुण म्हणाला, "फादर, जागा पुरली नाही. कुणाला तरी उठवणं भाग होतं."

मग त्याने समजावून सांगितले. स्मृतीचा कारभार लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, पाहतो. मोकळी जागा तो वाया घालवीत नाही. वाचलेल्या फाइलींच्या प्रती तेथे ठेवतो. जागा आटू लागली की त्याचा एक सेवक पडद्याआड जुनी पाने काढू लागतो. ज्याची मूळ प्रत डिस्कवर आहे, ते पान सहज टाकता येते; चालू कामाचे पान मात्र आधी डिस्कवर लिहून ठेवावे लागते. टाकलेले पान लगेच पुन्हा लागले, तर सारा वेळ ने-आण करण्यातच जातो. या दुरवस्थेची मीमांसा पीटर डेनिंग यांनी १९६८ सालीच केली होती. अगदीच निभेनासे झाले, की कर्नल एखादा कार्यक्रमच बंद करतो.

पूर्वी पानांचे ढोबळ गट दोनच असत: वापरातील आणि पडून असलेली. गूगलमधील यू झाओ यांनी त्यांच्या वयानुसार अनेक पिढ्या लावल्या. आधी सर्वांत जुनी पिढी पाहावयाची. कोणते पान नुकतेच वापरले, याची खूण प्रोसेसर तक्त्यात करतो. एकेका पानामागे धावण्याऐवजी ते तक्तेच सलग वाचावयाचे. डिसेंबर २०२२ च्या लिनक्स ६.१ मध्ये ही पद्धत आली. सेवकाचा प्रोसेसरवरील भार ४० टक्क्यांनी घटल्याचे गूगलने नोंदविले.

ऐकताना आम्हांस पांझरेकाठची फडपद्धत आठवली. बंधाऱ्यात पाणी किती हे पाहून, कोणता फड भिजवावा नि कोणता पडीक ठेवावा, हे गाव आधीच ठरवीत असे. पाटावर तंटा उभा राहण्याची वाट पाहत नसे.

तरुणाने नवा कर्नल बसवून ती पद्धत चालू केली. थिजणे कमी झाले, संपले नाही; दोन जीबी स्मृतीची चार जीबी काही होत नाही. वहीतील नोंदी आम्ही पुन्हा उतरवल्या, कारण मूळ प्रत शाबूत होती. आजींकडे मात्र पुन्हा जावे लागले. तीन नावांपैकी त्यांना या खेपेस दोनच आठवली. तिसऱ्याची जागा अद्याप रिकामी आहे. आता कुणी काही सांगू लागले, की आम्ही आधी कागदावर लिहून घेतो.