नळी आणि कळ : सीताबर्डीच्या दोन बंदुका

१/
नागपूरच्या दक्षिण टोकाला बेसा आहे. तिथल्या एका इतिहासवेड्या तरुणाची अनेक वर्षे एक ठाम समजूत होती : सीताबर्डीची लढाई भोसल्यांनी गमावली, कारण इंग्रजांच्या बंदुका सरस होत्या. ही समजूत सोयीचीही होती. दोष लोखंडावर टाकला की माणसांविषयी प्रश्न उरत नाहीत.

२/
२६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढाई पेटली. एका बाजूला आप्पासाहेब भोसल्यांचे सुमारे १८,००० सैन्य होते आणि त्यात काही हजार अरब. दुसऱ्या बाजूला लेफ्टनंट कर्नल स्कॉट याच्या हाताखाली कंपनीचे जेमतेम १,४०० शिपाई. रात्रभर गोळीबार चालला आणि निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी लागला.

३/
आज रायफलींची तुलना करताना नळी कोणाची आणि दारू पेटवणारी यंत्रणा कोणाची, हे वेगवेगळे पाहिले जाते. त्या तरुणाने हीच रीत १८१७ च्या बंदुकांना लावली.

४/
आधी नळी. भोसल्यांच्या बाजूला प्रामुख्याने तोड्याच्या बंदुका होत्या. देशी कारागीर लोखंडाची पट्टी पिळासारखी गुंडाळून, तापवून, ठोकून नळी घडवीत. ती लांब आणि जाड असे, त्यामुळे अधिक दारू सोसत असे. तिचा पल्ला आणि नेम कंपनीच्या बंदुकीपेक्षा चांगला असल्याचे अनेक इंग्रज अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे.

५/
कंपनीची ‘इंडिया पॅटर्न’ बंदूक ३९ इंची नळीची होती. नळीचे भोक पाऊण इंचाचे, तर गोळी त्याहून बरीच लहान. सैल गोळी झटपट भरता येई, पण १०० यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा नसे. केवळ नळी पाहिली तर देशी बंदूक सहज मागे पडत नाही.

६/
आता कळ. तोड्याच्या बंदुकीत पेटती जामगी रंजकाला लागे. ती सतत जळत ठेवावी लागे, आणि अंधारात तिचा निखारा धन्याची जागा दाखवून देई. कंपनीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडे. तीही अधूनमधून दगा देई, पण कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. शिवाय नळीच्या टोकाला संगीन होतीच.

७/
खरा फरक मात्र कारखान्यात होता. बर्मिंगहॅममध्ये नळी एक कारागीर करी, कळ दुसरा, लाकडी दस्ता तिसरा. १८०४ ते १८१५ या काळात त्या शहराने ब्रिटिश सरकारला १७ लाखांहून अधिक बंदुका पुरवल्या. कंपनी स्वतःसाठी लंडनच्या कारागिरांकडून माल घेई. एका बंदुकीची कळ दुसरीला जशीच्या तशी बसत नसे, पण भोकाचे माप ठरलेले असल्याने एकच कागदी काडतूस साऱ्या पलटणीला चाले. इकडे ज्याच्या-त्याच्या बंदुकीचे माप वेगळे, आणि गोळी ओतण्याचा साचाही वेगळा.

८/
तरीही २७ तारखेच्या सकाळी अरबांनी लहान टेकडी जिंकली आणि मोठी टेकडी त्यांच्या माऱ्यात आली. म्हणजे नळीही उणी नव्हती, छातीही नव्हती. पुढे कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मैदानात हल्ला चढवला, टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, आणि शिपायांनी ती टेकडी परत घेतली. कंपनीचे ३६७ जण मारले गेले वा जखमी झाले.

९/
त्या शिपायांत मद्रासची २४ वी पलटण होती. १८०६ च्या वेल्लोरच्या उठावानंतर शिक्षा म्हणून या शिपायांच्या पलटणीचा जुना, पहिला क्रमांक काढून घेतला होता. सीताबर्डीनंतर त्यांनी बक्षीस म्हणून तोच क्रमांक परत मागितला, आणि तो मिळाला.

१०/
हे वाचून तो तरुण थांबला. कधीकाळी कंपनीवरच उठलेल्या पलटणीने आपल्या नावासाठी कंपनीला नागपूर राखून दिले. याचे उत्तर कोणत्याही नळीत नव्हते. सीताबर्डीचा किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे आणि राष्ट्रीय दिनांना लोकांसाठी खुला होतो. तो तिथे आता दरवर्षी जातो. ‘कोणाची बंदूक चांगली?’ असे कोणी विचारले, की तो आधी विचारतो : ‘ती कोणाच्या खांद्यावर होती, आणि का?’