न दाबलेली कळ

घरांत आलेली नवी वस्तु बिघडली म्हणजे बिघाड शोधण्यापूर्वीं बिघडविणारा शोधण्याकडे मंडळींचा ओढा असतो. आमच्या अंधेरीच्या बिऱ्हाडीं गेल्या पावसाळ्यांत एका संगणकापायीं हाच प्रकार घडला.

संगणक आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं स्वतः जोडला होता. तयार यंत्र न घेतां सुटे भाग आणून जोडावयाचे, हा हल्लींच्या कॉलेजांतील मुलांचा मोठा हौसेचा उद्योग आहे. त्यासाठीं ते तीनचार वेळां ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड धुंडाळून आले. (त्या रस्त्याला डॉ. भडकमकर मार्ग हें नांव मिळून बरींच वर्षें लोटलीं. पण १९०३ ते १९०७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्डसाहेबांस सोडावयास लोक अद्याप तयार नाहींत.) मदरबोर्ड एका दुकानांतून, प्रोसेसर दुसऱ्यांतून, कॅबिनेट तिसऱ्यांतून. अशा खरेदींत चार पैसे वांचतात. पण यंत्र अडलें कीं प्रत्येक दुकानदार दुसऱ्याच्या मालाकडे बोट दाखवितो. १९६० सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें टिफ्रॅक हा संगणक उभा केला, तेव्हां ज्यांनीं तो बांधला तेच त्याचे वैद्यहि होते. येथें वैद्य कोणीच नव्हता.

हा नवा संगणक चालतां चालतां एकाएकीं मिटूं लागला. कधीं पांच मिनिटांत, कधीं तीन तास सुरळीत चालून. पूर्वसूचना नाहीं, पडद्यावर एक अक्षर नाहीं. समईवर फुंकर घालावी तसा काळोख. मग चिरंजीव त्याला दोन चापट्या देत आणि तो पुन्हां सुरू होई. सौभाग्यवतींनीं इमारतीच्या जुन्या वायरिंगवर ठपका ठेविला. चिरंजीवांचा संशय मात्र आमच्या पांच वर्षांच्या नातीवर बसला. कॅबिनेटच्या पुढील बाजूस यंत्र सुरू करण्याची कळ असून तिच्याभोंवतीं निळा दिवा लागतो. त्या दिव्यावर बोट टेकविण्याचा मोह पोरीला एकदोनदां झालेला सर्वांनीं पाहिला होता. तेवढ्यावर खटला उभा राहिला. कळ सहज दाबली गेल्यास कांहींच होऊं नये, अशी व्यवस्थाहि चिरंजीवांनीं संगणकांत करून ठेविली. तरी यंत्र मिटेच. “मी नाहीं दाबलं, आजोबा,” हें तिनें आम्हांस इतक्यांदा सांगितलें, आणि पुढें तर ती त्या खोलींत पाऊलहि टाकीनाशी झाली. यंत्र बंद पडण्यापेक्षां हें आम्हांस अधिक बोंचलें.

आम्हीं चिरंजीवांस एक जुनी वही दिली. यंत्र केव्हां मिटलें, त्या वेळीं काय चाललें होतें, जवळ कोण होतें, हें तींत लिहावयाचें. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. सगळे भाग एकदम बदलले तर यंत्र सुधारेलहि, पण आरोप कोणावरून उठवावयाचा तें कळणार नाहीं.

पहिला संशय उष्णतेचा. ठराविक मर्यादेपलीकडे, म्हणजे बहुधा शंभर अंश सेल्सियसच्या आसपास, प्रोसेसर तापला कीं तो आत्मरक्षणार्थ यंत्र बंद पाडतो. त्याच्यावर बसणाऱ्या पंख्याच्या तळाशीं प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, तो काढावयाचा राहिल्यास हमखास असें होतें. येथें पापुद्रा काढलेला होता आणि पारा ७२ च्या वर गेला नाहीं. दुसरा संशय घरच्या २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्ट करून देणाऱ्या पेटीवर. बाजारांत तिला एसएमपीएस म्हणतात. शेजाऱ्यांची पेटी मागून आणून बसविली. दुसऱ्याच दिवशीं संगणक मिटला. वायरिंग तर निर्दोषच ठरलें, कारण त्याच प्लगावरचा टेबलाचा दिवा कधीं लवलाहि नाहीं.

राहिली यंत्राची स्वतःची साक्ष. असें अवेळीं बंद पडणें विंडोज ४१ या क्रमांकाखालीं नोंदविते. पुष्कळजण हा आंकडा म्हणजेच रोगाचें नांव समजतात. वास्तविक तो नुसता पंचनामा आहे. पण त्या नोंदीच्या पोटांत एक रकाना असतो. कळ निदान चार सेकंद दाबून धरल्यामुळें यंत्र बंद झालें असेल तर तेथें वेळेचा आंकडा येतो. एकाएकीं वीज तुटली असेल तर शून्य. आमच्या नोंदींत शून्य नव्हतें.

“बघा बाबा, यंत्रच सांगतंय!” चिरंजीव म्हणाले. आम्हीं वही पुढें सरकविली. त्यांतली एक वेळ रात्रीं पावणेदोनची होती. पोर त्या वेळीं आजीच्या कुशींत झोंपलेली, आणि खोलींत एकटे चिरंजीव, दोन्ही हात कीबोर्डावर. चिरंजीव बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

कळ दाबली गेली होती. दाबणारें बोट नव्हतें. कळीपासून मदरबोर्डाकडे दोन बारीक तारा जातात आणि कळ दाबणें म्हणजे त्या दोहोंची गांठ घालणें. त्यांपैकीं एकीचा यंत्राच्या लोखंडी सांगाड्याशीं मुळांतच संबंध असतो. म्हणून दुसरीचें कवच खरवडून ती सांगाड्याला नुसती टेकली, तरी कळ दाबल्यासारखेंच होतें. चिरंजीवांनीं त्या दोन्ही तारा उपटल्या, मदरबोर्डावरील दोन खिळ्यांना स्क्रूड्रायव्हरचें टोंक क्षणभर लावून यंत्र सुरू केलें, आणि तें शुक्रवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत अखंड चाललें.

मग पुढचें झांकण निघालें. कारखान्यांतच बसवून आलेली ती तार पत्र्याच्या धारेखालीं चेंगरली होती आणि तिळाएवढें तांबें उघडें पडलें होतें. काम जड झालें कीं पंखे जोरानें फिरत, पत्रा थरथरे आणि तांबें त्याला जाऊन टेके; चापट्या बसल्या कीं सुटे. चिरंजीवांच्या जोडणींत कांहींच उणें नव्हतें. बोटभर इन्सुलेशन टेपेनें काम भागलें.

झांकण बसवून त्यांनीं नातीला हांक मारली. ती उंबऱ्याशींच थबकली.

“ये, आज तूं सुरू कर,” ते म्हणाले.

तिनें दोन्ही हात पाठीमागें नेले आणि म्हणाली, “काका, तूं दाब. मी बघते.”